आकाराम आंबीच्या नावेचं वय

आकाराम आंबीला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याची नाव ऐंशी वर्षांची होती. पुढच्या उन्हाळ्यात ती शंभराची झाली. नंतर एकदा औदुंबरला आलेलं पुण्याचं एक कुटुंब वाट चुकून आमच्या घाटावर उतरलं, तर त्यांना त्यानं नाव दीडशे वर्षांची असल्याचं सांगून टाकलं. मी नावेतच बसले होते. माझ्याकडं बघून त्यानं नजरसुद्धा चोरली नाही. थाप मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एरवी थोडी तरी चुळबुळ दिसते. आकारामच्या चेहऱ्यावर नुसती भक्ती होती.

मी मूळची वडूजची. आमच्याकडं पाण्याची वाट बघायची म्हणजे टँकरची वाट बघायची. बदली झाली ती थेट कृष्णाकाठी, आणि त्यातही शाळा नदीच्या पलीकडं, भाड्याची खोली अलीकडं. पुलावरून जायचं तर दोन एस्ट्या बदलून अर्धी सकाळ घालवावी लागते. नावेतून गेलं तर सकाळच्या चहाची चव तोंडातून जायच्या आत पलीकडचा काठ. म्हणून आकारामची आणि माझी रोज येता-जाता गाठ. नावेत माझ्यासोबत दुधाच्या किटल्या, पलीकडं रान असलेली माणसं, भांगलणीला निघालेल्या बायका, कधी एखादी शेळी. तो सगळ्यांना सारख्याच तुसडेपणानं वागवायचा. मधी बसा, हलू नका, फोनवर भांडायचं तर काठावर भांडून या. शेळीलाही हेच सांगायचा. पन्नाशी ओलांडलेला, काटक, पायांत कधी चप्पल नाही, आणि बोलणं मोजकंच. नावेचा विषय निघाला की मात्र त्याला थांबवणं मुश्किल.

आंबी म्हणजे या भागातले पिढीजात नावाडी. आकारामच्या घराण्याकडं त्याखेरीज एक मान होता. चैत्रात गावच्या भैरोबाची यात्रा भरते आणि देवाची पालखी नदी ओलांडून पलीकडच्या जोगाईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, भेटायला जाते. ती पालखी आकारामच्या नावेतूनच जायची. का, तर त्याच्या पणजोबाच्या काळी महापुराचं पाणी देवळात शिरलं तेव्हा पणजोबानं भर पुरात नाव घातली आणि देवाचा मुखवटा काढून आणला. गावानं तेव्हा ठरवलं की ज्या नावेनं देव वाचवला त्याच नावेतून देव बहिणीकडं जाईल. हे ठरवणाऱ्यांनी एक बारकाई करून ठेवली होती. मान माणसाला नव्हता, नावेला होता. पणजोबाला मुलं झाली, मुलांना मुलं झाली, आंबींची भावकी गल्लीभर पसरली. नाव मात्र एकच, आणि ती थोरल्या पातीत आकारामकडं आलेली. ती पणजोबाची आहे तोवर मान त्याचा. ती पणजोबाची नाही असं झालं, की गल्लीतल्या कुठल्याही आंबीनं उठून हात वर करावा.

मला या प्रकरणात देवाच्या बाजूनं काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. आमच्या आज्यालाही गावच्या यात्रेत एक मान होता, पालखीपुढं मशाल धरून वाटभर हातावर तेलाचे चटके सोसायचा. छप्पन सालानंतर आज्यानं तो मान ज्याचा त्याला परत केला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. म्हातारपणी विचारलं तर म्हणायचा, हाताला बरं वाटलं. त्यामुळं मानाचं कौतुक मला दुसऱ्याच्या दारातून बघूनच ठाऊक. आकारामचं दार माझ्या रोजच्या वाटेवर होतं एवढंच.

त्याची झोप उडवायला दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या. पहिली म्हणजे ज्योतिबा. हा त्याचा चुलतभाऊ, धाकट्या पातीतला. मुंबईला लाँचवर नोकरी करून परत आला तो फायबरची बोट घेऊनच. पांढऱ्याशुभ्र सीटा, मागं इंजिन, प्रत्येकाला केशरी जॅकेट. विम्याचा कागद त्यानं लॅमिनेशन करून बोटीतच टांगला होता. बोट फक्त सणावाराला आणि यात्रेला माणसं न्यायची, रोजच्या फेऱ्या तो मारत नसे. ज्योतिबाचा स्वभाव चालता-बोलता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आकारामला त्याच्या प्रत्येक हालचालीत कावा दिसायचा. ज्योतिबानं बोट घाटाच्या वरच्या अंगाला बांधली, की आकाराम म्हणायचा, बघा बाई, वरनं दाबायला लागला. खालच्या अंगाला बांधली, की खालनं घेरायला लागला. मुलगी पास झाल्याचे पेढे घेऊन ज्योतिबा घरी आला, तर आकारामनं पेढा खाल्ला आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की नाव कुठं बांधलीय ते बघायलाच आला होता. नाव जिथं सगळ्या गावाला दिसते तिथंच बांधलेली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे आदेश. राज्यात कुठंतरी नाव उलटली आणि कुणाला तरी जाग आली. माणसं नेणाऱ्या प्रत्येक नावेचा विमा हवा, आणि विम्यासाठी नावेचा सर्व्हे. यात्रेच्या आत हे झालं नाही तर नाव काठाला. नाव काठाला म्हणजे पालखी ज्योतिबाच्या पांढऱ्या सीटांवर, हे आकारामनं स्वतःच ठरवून टाकलं. असं कुणी म्हणालं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, म्हणायला कशाला पाहिजे.

विम्याचा अर्ज मोबाइलवर मी भरला. नाव कोणत्या साली बांधली, या रकान्यापाशी आकाराम अभिमानानं ताठ झाला आणि म्हणाला, शंभर लिवा, दीडशे नगं, सरकारी काम हाय. मी सांगलीच्या एजंटाला फोन लावला. त्यानं सांगितलं की लाकडी नाव पंधरा वर्षांच्या आतली असेल तरच विमा उतरतो, आणि मग नावेतली माणसं, नावाडीसुद्धा, सगळी त्यात येतात. आकारामची बायको अंबूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. नावाडीसुद्धा, हे ऐकून तिचा हात थांबला. आकारामला मात्र हसू आलं.

"बाई, ते मानसाचं आसंल. मानूस म्हातारा झाला की जातो. नाव शंभर वर्सं बुडाली न्हाई, ती आताच बुडंल व्हय? नव्या नावंचा काय भरवसा?"

मी रकाना रिकामा सोडला. एजंट म्हणाला, राहू दे, सर्व्हेअर बघून काय ते लिहील.

सर्व्हेअर येणार म्हटल्यावर आकारामच्या घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत तशी धांदल उडाली. अंबूबाईनं घाटाच्या पायऱ्या धुतल्या, पोह्यांची तयारी केली. आकारामनं वल्ह्यांना तेल पाजलं. माझ्या शाळेला सुटी असल्यामुळं कागदपत्रं सांभाळायला मी हजर होते. सर्व्हेअर मोटरसायकलवरून आला. वीरधवल मोहिते, तिशीतला पोरगा, पाठीवर सॅक, हातात छोटा हातोडा. त्याची सगळी हयात ऊसतोडीची मशिनं आणि उलटलेले ट्रॅक्टर तपासण्यात गेली होती, हे त्यानं आल्याआल्याच सांगितलं. पोहे खाल्ले, चहा घेतला, पायऱ्या उतरला आणि विचारलं, नाव कुठंय.

"ती काय," आकारामनं पाण्याकडं बोट केलं.

वीरधवलनं पाण्याकडं बघितलं. पाणी नुसतं पाणी होतं. त्यानं डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ बघितला, मग आकारामकडं बघितलं.

"तितं खाली हाय, सायेब. बुडवून ठेवलीया. खास तुमच्यासाठी."

लाकडी नाव उन्हात राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. म्हणून मोठ्या कामाआधी नावाडी ती दगड घालून उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, फटी मिटतात, आणि नाव डबीसारखी घट्ट होते. कृष्णाकाठच्या आंबींना यात जगावेगळं काहीच वाटत नाही. मलाही वाटेनासं झालं होतं, म्हणून तर आदल्या दिवशी तो नावेत दगड भरत होता ते बघूनही मी गप्प राहिले. वीरधवलला मात्र पायरीवर बसावं लागलं. तो म्हणाला की त्यानं जळालेली गाडी बघितली आहे, विहिरीत पडलेला ट्रॅक्टर बघितला आहे, पण ते सगळे विमा उतरवल्यानंतर तसे झाले होते. आधीच बुडवून ठेवलेल्या वस्तूचा विमा मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. वरिष्ठांना फोटो पाठवायचा असतो, तो आता कशाचा पाठवू, असं त्यानं मला विचारलं. मी पाण्याचा पाठवा असं सांगणार होते, पण त्याचा चेहरा बघून थांबले.

नाव काढायची ठरली. दगड काढले तरी पाणी प्यालेली नाव काय हलते? बघे जमले, त्यांनी सल्ले दिले. शेवटी ज्योतिबा आला, पाण्यात उतरून दोर बांधला, बोटीचं इंजिन लावलं आणि नाव खेचून काठाला आणली. आकारामनं मदत घेतली, पण तोंड असं केलं जणू कुणी त्यात कडुलिंबाचा पाला कोंबलाय. नाव काठावर घेऊन पालथी घातली. बघे पांगले. ज्योतिबा मात्र ओल्या कपड्यानं तिथंच एका दगडावर तंबाखू मळत बसला. त्याचा दोर अजून नावेला होता, तो सुटायची वाट बघत असावा. आकारामच्या लेखी तो पुरावे गोळा करायला बसला होता.

वीरधवल पोरगा असला तरी कामाला पक्का निघाला. त्यानं तळाची एकेक फळी हातोड्यानं वाजवली, सांध्यातला काथ्या नखानं टोकरून बघितला, टेपनं लांबी-रुंदी घेतली, फोटो काढले. हलके हलके त्याचा चेहरा उजळत गेला. नाव ठणठणीत होती. सांधे असे बसले होते की कागद सरकणार नाही. मग त्यानं वही काढली आणि विचारलं, नाव कधीची.

आकारामनं ज्योतिबाकडं बघितलं. ज्योतिबा तंबाखूतला चुना बघत होता.

"शंभर वर्सांची," आकाराम पुढच्या निमुळत्या फळीवर हात ठेवून म्हणाला. "पनजोबाची."

वीरधवलनं पेन खाली ठेवलं. तो आकारामला जवळ घेऊन बसला आणि हळू आवाजात समजावू लागला. त्याच्या मामाची इस्लामपूरला लाकडाची वखार होती. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यानं भुशात काढल्या होत्या. या फळ्यांवर गोल पात्याच्या मशीनच्या करवतीच्या रेघा आहेत, हातकरवतीच्या नाहीत. खिळे कारखान्यातले आहेत. ही पुढची निमुळती फळी, जिला हात लावून तुम्ही पणजोबाचं नाव घेताय, तीसुद्धा कालपरवाची आहे. खरं सांगा, मी खरं लिहितो, विमा आजच्या आज होतो. शंभर लिहिलं तर मला पुढचं काहीच लिहिता येणार नाही. लोक त्याच्याकडं जुनी वस्तू नवी म्हणून लिहा असं घेऊन येतात, असं तो म्हणाला. नवी वस्तू जुनी लिहा म्हणून अडून बसलेला माणूस त्याला समजत नव्हता.

मला समजत होता. खरं बोललं तर नाव पाण्यात राहत होती आणि मान जात होता. खोटं बोललं तर मान राहत होता, पण नाव काठावर आणि मानाला बसायला जागाच नाही. आणि जो मान न्यायला टपलाय असं त्याला वर्षभर वाटत होतं, तो दहा पावलांवर दगडावर बसला होता. आकाराम उठला, नावेच्या पालथ्या तळावर हात ठेवला आणि म्हणाला, शंभर वर्षांचीच आहे, सायबानं काय ते लिहावं. आवाज इतका बारीक होता की मला त्याची कीव आली. त्याक्षणी मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्याही घातल्या, कारण नाव काठाला लागली की मला दोन एस्ट्या बदलाव्या लागणार होत्या.

वीरधवल वही मिटायला लागला. तेवढ्यात अंबूबाई पोह्याच्या ताटल्या खाली ठेवून पुढं आली.

"लिवा, सायेब. पाच सालच्या म्हापुरात जुनी नाव व्हावून गेली, तवा सासऱ्यांनी समदी नवी बांदली. तीबी एकोनीसला मोडली. तळ तवाचा. बाजवा एकवीसच्या. ही म्होरली फळी बी एकवीसचीच, वखारीतनं आनताना मी टेंपोत बसले हुते. व्हावून गेल्याली ती बी पनजोबाची न्हवती. पनजोबाची नाव मीच काय, माज्या सासूनं बी बघितली न्हाई."

"अंबू, गप," आकाराम म्हणाला.

"न्हाई गपत. पुरात तुमी मानसं काडत हुता तवा मी हितंच हुबी हुते. येता का न्हाई, कोन सांगत न्हवतं. मला कागुद पायजे. नावंचा न्हवं, तुमचा."

विम्याचा कागद पुरात गेलेला माणूस परत आणत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण त्या दोन्ही पुरांत ती बाई घाटावर उभी राहून नुसतं पाणी बघत होती, आणि त्यातलं एक अक्षर तिनं नवऱ्याजवळ कधी बोलून दाखवलं नव्हतं. वीरधवलनं अगदी सांभाळून वही उघडली आणि लिहिलं. बांधणी चार वर्षांपूर्वीची, स्थिती उत्तम, माणसं आठ. ज्योतिबानं तंबाखू तोंडात टाकली, उठला, दोर सोडून घेतला आणि वहिनी, पोहे झकास झाले होते, असं म्हणून निघून गेला.

त्याच्या या एका वाक्याचा आकारामनं पुढं किती कीस पाडला म्हणता. पोह्यांचं कशाला काढलं त्यानं? मनात काहीतरी शिजवल्याशिवाय माणूस पोह्यांवर कशाला बोलेल? विमा उतरला, केशरी जॅकेटं आली, नाव पाण्यात गेली. आकाराम अंबूबाईशी बोलेनासा झाला. मीठ हवं असलं तरी मला निरोप सांगायचा, आणि मी काय रोज त्यांच्या घरी जेवायला नव्हते. यात्रेच्या बैठकीत ज्योतिबा उठणार आणि चार वर्षांचा कागद काढणार, यावर त्याचा पक्का विश्वास बसला होता. त्याची तयारी त्यानं नावेत सुरू केली. वल्हं मारता मारता मला ज्योतिबा करायचा आणि माझ्याशी भांडायचा. मी म्हणायचं, लाकूड बदललं म्हणजे नाव बदलली. त्यावर तो म्हणायचा, मानसानं कवळी बसवली म्हंजे मानूस बदलतो व्हय? मी म्हणायचं, इथं दात नाही, सगळी हाडंच बदललीत. मग पलीकडं पोचेपर्यंत त्याला काहीतरी नवं सापडायचं. नाव बुडाली, मोडली, पण प्रत्येक वेळी त्याच घाटावर, त्याच मापाची, त्याच घराण्यानं बांधली. म्हणजे ती तीच. दुधाच्या किटल्यावाले माना डोलवायचे. खरं सांगते, आठवडा संपता संपता मलाही पटायला लागलं होतं. असा अभ्यास माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं कधी केला नाही.

बैठक देवळात भरली. अशा ठिकाणी माझं काही काम नसतं, पण अंबूबाईनं हाताला धरून नेलं. ह्यांना काय झालं तर तुमी असा जवळ, म्हणाली. आम्ही मागं बायकांत बसलो. यात्रा कमिटीचे प्रमुख नाथाजी आबा, गावातले वजनदार बागायतदार, एकेक विषय उरकत होते. मांडव, लाऊडस्पीकर, महाप्रसादाची डाळ कुणाकडं शिजवायची. ज्योतिबा खांबाला टेकून मोबाइल बघत होता. आकाराम धुतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. नावेचा विषय यायच्या आतच तो उभा राहिला.

आणि त्यानं सगळं स्वतःच सांगून टाकलं. पाच सालचा पूर, एकोणीसचा, एकवीसच्या बाजू, वखार, टेंपो, सर्व्हेअरनं काय लिहिलं ते. काहीही झाकलं नाही. मला पहिल्यांदाच त्याचा अभिमान वाटला. मग त्यानं श्वास घेतला आणि आता पुढं कवळीचं उदाहरण काढणार, तेवढ्यात नाथाजी आबांनी हात हलवला.

"खाली बस रं. आमाला म्हाईत न्हवतं व्हय? एकोनीसला तुजी नाव मोडून माज्या उसात पडल्याली. वडायला ट्रॅक्टर कुनी दिल्ता?"

देवळात हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांनी इतकी वर्षं त्याच्या शंभर वर्षांना हो म्हटलं होतं, लहान पोराच्या कागदी नोटेनं खोटं दुकान चालवावं तसं. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला की आपण तर दीडशेवर पोचलो होतो. आकाराम उभाच होता. त्याला हे हसू कुठं ठेवावं ते कळेना. त्यानं वळून ज्योतिबाकडं बोट केलं आणि म्हणाला, गावाचं झालं, पण मान नावेचा होता, नाव राहिली नाही, आता याचाही हक्क लागतो, याचाही पणजोबा तोच, यालाही विचारा.

नाथाजी आबांनी कंटाळून विचारलं, काय ज्योतिबा, तुला पाहिजे का पालखी.

ज्योतिबानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मला? नगं आबा. गुलाल सीटांवर बसला की निघत न्हाई. आनि त्या दिशी पलीकडच्या फेऱ्या लय आसत्यात."

नाथाजी आबा म्हणाले, मग झालं, आकारामच नेईल, आणि लाऊडस्पीकरवाल्याला नाष्टा द्यायचा की नाही हा विषय घेतला. त्यावर मात्र बरीच बोलाचाली झाली. अंबूबाईनं माझा हात घट्ट दाबला, सुटले गं बाई, म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं. मान राहिला, नाव राहिली, कागद राहिला. जे जाईल म्हणून माणूस वर्षभर झुरला त्यातलं काहीच गेलं नव्हतं.

आकाराम काही सुटला नव्हता. तो अजून उभाच होता, हातात न वापरलेली सगळी उत्तरं घेऊन. मग चालत खांबापाशी गेला आणि ज्योतिबासमोर उकिडवा बसला. बैठकीचा गलका चालू असल्यामुळं त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही दोघी मात्र जवळच होतो, म्हणून ऐकू आलं. त्यानं विचारलं, खरंच नगं? ज्योतिबा म्हणाला, खरंच नगं, दादा, तुझं तुला ऱ्हाऊ दे. आकारामनं विचारलं, लाजतोस का? मी वाईट वाटून घेईन म्हणून म्हणतोयस का? ज्योतिबानं आईची शपथ घेतली. तो अगदी प्रेमानं बोलत होता, थोरल्या भावाची समजूत काढावी तसा, आणि तो जितका प्रेमानं बोलत होता तितका आकारामचा चेहरा उतरत चालला होता.

"आरं, निदान भांड तरी माज्याशी," तो म्हणाला.

ज्योतिबानं मोबाइल खिशात ठेवला. भावानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते द्यावं असं त्याच्या मनात होतं हे दिसत होतं. त्यानं कपाळाला आठ्या घालून खरोखर विचार केला.

"कशावरनं, दादा?" त्यानं विचारलं.